वर्धा जिल्ह्यातील मोठ्या वास्तू आणि सूर्यशक्ती : उष्णता व वीज यांच्या तुलनेचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

वसतिगृह, रुग्णालय, महाविद्यालय अथवा आश्रमाचे सामुदायिक स्वयंपाकघर यांसारख्या मोठ्या वास्तूला सूर्यापासून दोन प्रकारचा पुरवठा घेता येतो : एक उष्णतेचा व दुसरा विजेचा. या दोहोंपैकी अधिक लाभाचा कोणता, हा प्रश्न सामान्यतः यंत्रशास्त्राचा समजला जातो. यंत्राची कार्यक्षमता मोजावी, किंमत मांडावी, आणि भागाकार करून निर्णय द्यावा, अशी रीत पडली आहे. परंतु गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, ह्या तुलनेचे उत्तर वारंवार पालटत आले आहे. आणि ते पालटण्याची कारणे सूर्यात नसून कोळशाचा भाव, तारांचे जाळे, वास्तूची गरज आणि यंत्राची देखभाल करणारे हात यांत आहेत. हा इतिहास महाराष्ट्रातील काही प्रयोगांच्या आधारे मांडून वर्धा जिल्ह्यातील सार्वजनिक संस्थांच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय होतो, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

वर्धा जिल्हा ह्या विचारासाठी निवडण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, जिल्ह्याच्या आकारमानाच्या मानाने येथे सामुदायिक जीवनाच्या संस्था पुष्कळ आहेत. सेवाग्राम आश्रम, १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे कस्तुरबा रुग्णालय, १९९७ साली स्थापन झालेले हिंदी विश्वविद्यालय आणि अनेक वसतिगृहे ही त्यांची उदाहरणे होत. दुसरे असे की, शक्तीच्या साधनांचा आर्थिक व नैतिक विचार ज्या थोड्या ठिकाणी झाला, त्यांपैकी वर्ध्याची मगनवाडी हे एक प्रमुख ठिकाण आहे.

२. कुलाब्याचे आरसे आणि वरोऱ्याचा कोळसा

महाराष्ट्रात सूर्याच्या उष्णतेने यंत्र चालविण्याचा पहिला ठळक प्रयोग मुंबईत झाला. तो करणारा विल्यम ॲडम्स हा व्यवसायाने यंत्रज्ञ नव्हता. तो मुंबईच्या उच्च न्यायालयात उपनिबंधक होता. फ्रान्समध्ये ओग्युस्तँ मूशो याने शंकूच्या आकाराच्या परावर्तकाने पाणी उकळून वाफेचे यंत्र चालविले होते. ॲडम्सला त्यात एक उणीव दिसली. वक्र परावर्तक मोठा करू गेल्यास तो अवजड व महाग होतो, हे पाहून त्याने लहान लहान सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडले आणि सर्वांचे प्रतिबिंब एकाच बंबावर पाडले. अशा ७२ आरशांच्या साहाय्याने कुलाब्याला त्याने अडीच अश्वशक्तीचा वाफेचा पंप चालवून दाखविला. आठ आरशांची एक चूलही त्याने केली. जानेवारीतील उन्हात तीवर सात शिपायांचे जेवण दोन तासांत शिजत असे. १८७८ साली त्याने आपल्या प्रयोगांचे पुस्तक मुंबईत प्रसिद्ध केले. उष्ण कटिबंधात सूर्याची उष्णता इंधनाची जागा घेऊ शकेल, असे त्याचे प्रतिपादन होते. मध्यवर्ती बंबावर अनेक सपाट आरशांनी प्रकाश फेकण्याची त्याची कल्पनाच पुढे विसाव्या शतकातील सौर मनोऱ्यांत पुन्हा अवतरली.

मग हा प्रयोग पुढे का गेला नाही? त्याचे उत्तर वर्ध्याच्या रेल्वेमार्गावर सापडते. ज्या दशकात ॲडम्स कुलाब्याला पाणी उकळीत होता, त्याच दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग टाकला गेला. त्याचा एक मुख्य हेतू वरोऱ्याच्या सरकारी खाणीतील कोळसा बाहेर काढणे हा होता, आणि दुसरा ह्या भागातील कापूस मुंबईच्या वाटेला लावणे हा होता. कोळसा साठविता येतो, गाडीत भरता येतो, रात्री जाळता येतो. सूर्याची उष्णता जेथे पडते तेथेच व पडते त्याच वेळी वापरावी लागते. यंत्र म्हणून ॲडम्सचा बंब हरला नाही. वाहतूक व साठवण ह्या दोन बाबतींत मात्र तो हरला. वरोऱ्याची ती खाण १९०६ साली बंद पडली. परंतु वर्धा नदीच्या खोऱ्यातील इतर खाणी वाढतच गेल्या, आणि १९८० च्या दशकापासून चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या रूपाने त्याच खोऱ्याचा कोळसा तारांवाटे विदर्भाबाहेरही जाऊ लागला. पुढील सर्व विवेचनात वाहतूक व साठवण हे दोन शब्द ध्यानात ठेवावे लागतील.

३. मगनवाडीचा निकष

१९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्याच्या जागेत त्याचे कार्य सुरू झाले. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेस मगनवाडी हे नाव मिळाले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. येथे घाणी, चूल, दिवा, कागद अशा नित्याच्या वस्तूंवर प्रयोग झाले. वनस्पतिजन्य तेलावर चालणारा मगनदीप हा त्यांपैकीच एक. दूरच्या खनिज तेलावर गावाचा उजेड अवलंबून राहू नये, हा त्यामागील विचार होता.

ह्या कार्याची तात्त्विक बैठक संघाचे मंत्री जे. सी. कुमारप्पा यांनी आपल्या १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या स्थायी अर्थव्यवस्थेवरील ग्रंथात मांडली. त्यास गांधीजींची प्रस्तावना आहे. निसर्गातील साधनांचे कुमारप्पांनी दोन वर्ग केले : कोळसा, खनिज तेल, धातू यांसारखी साठ्याची साधने, जी वापरली की संपतात, आणि वाहते पाणी, वाढते रान यांसारखी प्रवाहाची साधने, जी मर्यादेत वापरल्यास पुन्हा भरून येतात. पहिल्यांच्या पाठीमागे स्पर्धा व हिंसा येते, दुसऱ्यांच्या आधारे स्थिर जीवन उभे राहू शकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. सूर्यप्रकाश हे प्रवाहाचे सर्वांत शुद्ध उदाहरण होय, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु मगनवाडीच्या विचारात आणखी एक कसोटी अनुस्यूत होती, आणि सूर्ययंत्रांची चर्चा करताना तिचा बहुधा विसर पडतो. साधन कोणत्या शक्तीवर चालते एवढेच पाहून भागत नाही. ते कोण बनवितो, बिघडल्यास कोण दुरुस्त करतो आणि त्याचा मोबदला कोणाच्या हाती जातो, हेही पाहिले पाहिजे. ही परंपरा वर्ध्यात पुढेही चालू राहिली. १९५५ साली मगनवाडीत जमनालाल बजाज यांच्या नावाने ग्रामोद्योगांची संशोधनसंस्था निघाली. तिचेच पुढे महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत रूपांतर झाले. १९७६ साली देवेंद्र कुमार यांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले.

४. उष्णतेच्या साधनांचा काळ

१९५४ हे वर्ष ह्या इतिहासात विशेष लक्षणीय आहे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा प्रकाश-विद्युत् घट जाहीर केला; त्यावर पडणाऱ्या प्रकाशशक्तीपैकी सुमारे ६ टक्के शक्ती तो विजेत रूपांतरित करीत असे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये युनेस्कोच्या विद्यमाने नवी दिल्लीत वायू व सौरशक्तीवरील परिसंवाद भरला. मात्र घट इतके महाग होते की, १९५८ पासून त्यांचा पहिला महत्त्वाचा उपयोग कृत्रिम उपग्रहांतच झाला. भारतातील संशोधकांनी साहजिकच उष्णतेकडे लक्ष दिले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने अंतर्वक्र आरशाची सूर्यचूल तयार केली. ती बाजारातही आली, परंतु घरोघरी रुजली नाही. भर दुपारी अंगणात उभे राहून आरसा फिरवीत स्वयंपाक करावा लागणे आणि संध्याकाळच्या भाकरीला तिचा उपयोग नसणे, ह्या दोन अडचणी उघड होत्या.

घरात जे साधले नाही ते मोठ्या वास्तूत साधले, हा ह्या कालखंडाचा खरा धडा होय. १९८२ साली केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचे स्वतंत्र खाते निघाले आणि १९८० च्या दशकातच महाराष्ट्रात ऊर्जाविकासाची स्वतंत्र संस्था, म्हणजे ‘मेडा’, स्थापन झाली. वसतिगृहे, रुग्णालये व उपाहारगृहे यांच्या गच्च्यांवर सौर बंब दिसू लागले. काळ्या रंगाच्या पत्र्यामागील नळ्यांतून पाणी तापून हलके होते व वरच्या टाकीत चढते. त्यास पंपही लागत नाही. दोन चौरस मीटरच्या तापकातून दररोज १०० लिटर पाणी सुमारे ६० अंश सेल्सियसपर्यंत तापते, असा हिशेब रूढ झाला.

याहून अधिक तापमानासाठी वोल्फगांग शेफलर यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेला परावर्तक उपयोगी पडला. त्याचे वैशिष्ट्य असे की, आरसा सूर्यामागे फिरतो, परंतु त्याचा केंद्रबिंदू स्थिर राहतो. त्यामुळे तेथे बंब बसवून वाफ नळाने स्वयंपाकघरात नेता येते. अबू रोड येथे १९९८ साली ८४ आणि तिरुमला येथे २००२ साली १०६ परावर्तक बसले. महाराष्ट्रात ३० जुलै २००९ रोजी शिर्डी संस्थानच्या प्रसादालयात अशी यंत्रणा सुरू झाली. तीत प्रत्येकी १६ चौरस मीटरचे ७३ परावर्तक होते, दिवसाला ३,५०० किलोग्रॅम वाफेची अपेक्षा होती आणि वर्षाला सुमारे १ लाख किलोग्रॅम स्वयंपाकाचा वायू वाचेल असा अंदाज होता. तत्पूर्वी २००६ च्या सुमारास लातूरच्या महानंद दुग्धशाळेत, मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने तयार झालेला ‘अरुण’ नावाचा १६० चौरस मीटरचा एकच परावर्तक दुधाच्या पाश्चरीकरणासाठी उभा राहिला होता.

हे सर्व प्रयोग ज्या वास्तूंत टिकाव धरण्याजोगे ठरले, त्यांत तीन गोष्टी समान आढळतात. उष्णतेची मागणी रोजची व मोठी होती. ती मुख्यतः दिवसा होती. आणि आरसे पुसणे, बंब तपासणे यासाठी नेमलेली माणसे होती. शिवाय जुना बंब वा वायूची जोडणी काढून न टाकता सूर्याची वाफ तिच्या जोडीला दिलेली होती. ढगाळ दिवशी प्रसाद थांबत नसे.

५. पारडे फिरले

ह्या काळात विजेची बाजू दुर्बळ होती. १९७७ साली सौरपॅनेलची किंमत जागतिक बाजारात दर वॅटला ७६ डॉलरच्या घरात होती. पुढील तीस वर्षांत ती सतत उतरली, तरीही २०१० साली राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले तेव्हा केंद्रीय नियामक आयोगाने सौर विजेसाठी ठरविलेला दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे इतका होता. त्यानंतरची घसरण मात्र आश्चर्यकारक होती. २०१७ साली राजस्थानातील भादला येथील लिलावात २ रुपये ४४ पैसे आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेतील लिलावात १ रुपया ९९ पैसे इतका खाली भाव गेला. हे भाव विस्तीर्ण मैदानांवरील केंद्रांचे आहेत, गच्चीवरील यंत्रणेचे नव्हेत. तरी दिशा त्यांवरून स्पष्ट होते.

किमतीइतकेच महत्त्वाचे दुसरे कारण कायद्याचे होते. २०१५ साली महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने गच्चीवरील सौर विजेसाठी नेट मीटरिंगचे विनियम केले. त्यामुळे वास्तूस नको असलेली दुपारची वीज तारेत सोडून तिचा हिशेब पुढील वापरात वळता करून घेणे शक्य झाले. ॲडम्सचा बंब ज्या दोन बाबतींत हरला होता, त्याच बाबतींत आता सूर्याची वीज जिंकली. वाहतुकीसाठी तार मिळाली आणि साठवणीसाठी हिशेबाची वही. उष्णतेला ही सोय कोणीच देऊ शकत नाही; वसतिगृहात उरलेले गरम पाणी शेजारच्या गावी विकता येत नाही.

६. वर्ध्याच्या ऋतूंची कसोटी

आता ही तुलना वर्ध्याच्या भूमीवर आणून पाहू. येथे वर्षभराची सरासरी काढल्यास सपाट जागेवर दर चौरस मीटरला दिवसाकाठी सुमारे पाच ते साडेपाच युनिट सूर्यशक्ती पडते. समजा, २०० विद्यार्थ्यांचे एक वसतिगृह आहे व प्रत्येकास २५ लिटर गरम पाणी द्यावयाचे आहे. एकूण ५,००० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे २०० युनिट उष्णता लागते. सौर बंबांनी हे काम करावयाचे तर १०० चौरस मीटर तापक हवेत. तेच काम सौरपॅनेलची वीज साध्या विद्युत्-तापकात घालून करावयाचे तर, एक किलोवॅटच्या पॅनेलपासून दिवसाला सुमारे चार युनिट व त्यास पाच चौरस मीटर जागा धरून, ५० किलोवॅट यंत्रणा व २५० चौरस मीटर पॅनेले लागतात. येथपर्यंत उष्णतेची बाजू अडीच पटींनी सरस आहे, आणि जुने तज्ज्ञ हेच गणित मांडीत असत.

परंतु विजेने थेट पाणी न तापविता हवेतील उष्णता ओढून पाण्यास देणारे यंत्र, ज्याला हीट पंप म्हणतात, ते चालविल्यास एका युनिट विजेत सुमारे तीन युनिट उष्णता मिळते. मग १७ किलोवॅट व सुमारे ८५ चौरस मीटर पॅनेले पुरतात. म्हणजे गच्चीच्या जागेच्या दृष्टीनेही वीज उष्णतेच्या बरोबरीस आली. अर्ध्या शतकापूर्वी, पॅनेलची कार्यक्षमता आजच्या निम्म्यावर असताना, असे विधान करणे धाडसाचे ठरले असते.

ऋतूंचा विचार केला असता हे पारडे आणखी कलते. वर्ध्यात स्नानाच्या गरम पाण्याची खरी गरज कार्तिकापासून माघापर्यंत असते. वैशाखात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. तेव्हा गच्चीवरील टाकीचे पाणीच हात पोळविते व सौर बंब निरुपयोगी होऊन बसतो. त्या दिवसांत वास्तूला पंखे व कूलर यांसाठी वीज हवी असते, आणि ती पॅनेल देते. येथेही एक मर्यादा सांगितली पाहिजे. कडक उन्हात पॅनेल ७० अंशांपर्यंत तापते आणि दर अंशामागे सुमारे ०.४ टक्का या प्रमाणात त्याची वीज घटते. म्हणजे २५ अंशांच्या प्रमाणित तापमानाच्या तुलनेत सुमारे १८ टक्के वीज कमी मिळते. पॅनेलच्या मागून पाणी खेळवून वीज व कोमट पाणी एकाच यंत्रातून घेण्याची संयुक्त पद्धत ह्यावर उपाय म्हणून पुढे आली आहे. परंतु कोमट पाणी ज्या ऋतूत भरपूर मिळते त्याच ऋतूत ते कोणास नको असते, हा विरोध तिलाही चुकत नाही.

पावसाळ्याची गोष्ट निराळी. ढगांतून येणारा पसरट प्रकाश आरशाने एका बिंदूवर आणता येत नाही. त्यामुळे परावर्तक बहुतेक स्वस्थ राहतात. सौर बंब व पॅनेल मंदावतात, पण थांबत नाहीत. जिल्ह्याच्या काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी जड असल्याने बंबाच्या नळ्यांत क्षारांचा थर साचतो, हीही स्थानिक अडचण आहे.

याचा अर्थ उष्णतेची साधने कालबाह्य झाली असा होतो काय? तसे म्हणणे घाईचे होईल. शिर्डीच्या यंत्रणेतील ३,५०० किलोग्रॅम वाफ म्हणजे दिवसाला सुमारे २,२०० युनिट उष्णता होय. तेवढी उष्णता साध्या विद्युत्-तापकाने द्यावयाची तर साडेपाचशे किलोवॅट व सुमारे २,७५० चौरस मीटर पॅनेले लागतील. परावर्तकांचे क्षेत्र मात्र १,१७० चौरस मीटरच्या आत आहे. परावर्तकांची सावली एकमेकांवर पडू नये म्हणून त्यांच्यामध्ये अंतर सोडावे लागते, हे जमेस धरले तरी मोठ्या स्वयंपाकघराच्या, रुग्णालयातील धुलाईच्या अथवा निर्जंतुकीकरणाच्या वाफेपुरते उष्णतेचे साधन विचारात घेतलेच पाहिजे. तेथे सामान्य हीट पंपाची धाव पोहोचत नाही. मात्र शस्त्रक्रियेची उपकरणे ऊन पडण्याची वाट पाहू शकत नाहीत. म्हणून अशा ठिकाणी सूर्याची वाफ साहाय्यक असावी, एकमेव नसावी.

७. हातांचा प्रश्न

मगनवाडीची कसोटी येथे लावून पाहिली असता एक विलक्षण विसंगती दिसते. परावर्तकाची चौकट लोहार बनवू शकतो, आरसे स्थानिक कारागीर बसवू शकतो, सौर बंबाची गळती गावातील नळकाम करणारा काढू शकतो. सिलिकॉनचा घट यांपैकी कोणीही बनवू शकत नाही. तो मोठ्या भांडवलाच्या कारखान्यातूनच यावा लागतो. परंतु चालविताना उलट घडते. परावर्तकास रोज माणूस लागतो. पॅनेलास धूळ पुसण्यापलीकडे फारसे काही लागत नाही. जे साधन गावाच्या हातांनी बनते ते गावाच्या हातांची नित्य सेवा मागते. जे दुरून येते ते काहीच मागत नाही, आणि म्हणून गावात कसबही निर्माण करीत नाही. सार्वजनिक संस्थांनी दुसरे का निवडले, हे समजण्यासारखे आहे. वेतनावरील एक जागा रिकामी झाली की आरसे काळे पडू लागतात. परंतु ही निवड करताना काय गमावले गेले, याचीही नोंद इतिहासात राहिली पाहिजे.

आणखी एक गोष्ट तुलनेच्या कोष्टकांत सहसा येत नाही. सर्वांत स्वस्त शक्ती म्हणजे जिची गरजच पडत नाही ती. १९३६ साली गांधीजी सेगावी राहावयास आले. तेथील मातीच्या भिंती, कौलारू छप्पर व खोल पडवी यांच्या कुट्या विजेवाचून वैशाख सोसतात. काँक्रीटची उघडी गच्ची दिवसभर तापू द्यावयाची व मग त्याच गच्चीवरील विजेने खालची खोली गार करावयाची, हा द्राविडी प्राणायाम होय. पॅनेलांच्या सावलीने गच्ची काही अंशी निवते, हा त्यांचा न मोजलेला लाभ येथे नमूद करण्यासारखा आहे.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. सूर्याची उष्णता की सूर्याची वीज, ह्या प्रश्नाला सर्वकालीन उत्तर नाही. १८७८ च्या सुमारास सूर्याच्या उष्णतेला कोळशाने हरविले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उष्णता सरस ठरली. २०१५ नंतर वीज पुढे गेली. वर्ध्याच्या हवामानात, जेथे गरम पाण्याची गरज चार महिन्यांची व वाऱ्याची गरज आठ महिन्यांची आहे, तेथे सामान्य वसतिगृहाच्या वा महाविद्यालयाच्या गच्चीवर पहिला हक्क विजेचा आहे. जेथे रोज मोठ्या प्रमाणावर वाफ लागते, मोकळी जागा आहे व सांभाळणारा माणूस आहे, तेथे उष्णतेचा हक्क अबाधित आहे. सुस्थितीत असलेले सौर बंब केवळ नवी लाट आली म्हणून उतरविण्याचे कारण नाही.

गच्ची एकच असते, आणि तिच्यावर आज केलेली मांडणी पंचवीस वर्षे राहते. संस्थांचा पैसा बहुधा लोकांचा असतो. म्हणून कोणतीही यंत्रणा घेण्यापूर्वी संस्थेने एक संपूर्ण वर्ष साधी वही ठेवावी : कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या प्रहरी, किती पाणी, किती वाफ, किती वीज व किती सरपण अथवा वायू लागला. खर्चाची पैन् पै लिहिण्याची परंपरा असलेल्या ह्या जिल्ह्याला असे काम अवघड नाही. ती वही समोर असली म्हणजे विक्रेत्याच्या कोष्टकावर विसंबावे लागणार नाही, आणि पुढील संशोधकाला तुलना करण्यासाठी अंदाजांऐवजी नोंदी मिळतील.